त्याच जागेवरून दुसऱ्यांदा: रस्त्याकाठच्या जुन्या-नव्या छायाचित्रांच्या तुलनेमागचा इतिहास

रस्त्याचे जुने छायाचित्र आणि त्याच ठिकाणचे आजचे छायाचित्र शेजारी ठेवले की आधी काय नाहीसे झाले तेच डोळ्यांत भरते. परंतु जुने छायाचित्र मुळात कोणी आणि कशासाठी काढले, हे ठाऊक असल्याखेरीज त्या तुलनेवर फारसे विसंबता येत नाही. १८३८ मध्ये छायाचित्रणाचे आद्य प्रणेते लुई दागेर यांनी पॅरिसमधील एका वर्दळीच्या हमरस्त्याचे चित्र टिपले, तेव्हा प्रकाश काही मिनिटे पडू द्यावा लागे, त्यामुळे चालती माणसे आणि गाड्या उमटल्याच नाहीत; उमटला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस. एकोणिसाव्या शतकातील कित्येक रस्ते आज निर्मनुष्य भासतात, त्यामागे शांततेपेक्षा हे तांत्रिक कारण अधिक आहे.

रस्त्यांची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती बहुधा पाडापाडीच्या निमित्ताने. १८६० च्या दशकात शहराची पुनर्रचना करणारे प्रशासक ओसमान यांच्या योजनेखाली पॅरिसच्या अरुंद गल्ल्या जमीनदोस्त होऊ लागल्या, तेव्हा पाडण्याआधी त्या गल्ल्या टिपून ठेवण्याचे काम नगरपालिकेने छायाचित्रकार शार्ल मारव्हील यांच्यावर सोपवले. ग्लासगोत टॉमस ॲनन यांनी १८६८ पासून दाट वस्तीच्या बोळांची छायाचित्रे घेतली, तीही ती वस्ती पाडायची ठरल्यावरच. साहजिकच अशा संग्रहांत जे जाणार होते ते ठळकपणे दिसते आणि जे टिकणार होते त्याकडे कॅमेरा क्वचितच वळतो.

तुलनेची शिस्त मात्र रस्त्यावर नव्हे, डोंगरात घडली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस झेबास्टियान फिन्स्टरवाल्डर यांनी आल्प्समधील हिमनद्यांचा पालट मोजण्यासाठी छायाचित्रांचा उपयोग केला. पुढे १९७७ ते १९७९ दरम्यान मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागात शतकभरापूर्वीच्या सर्वेक्षण-छायाचित्रांतील जागा शोधून तेथूनच पुन्हा छायाचित्रे घेतली. जवळची वस्तू दूरच्या वस्तूवर नेमकी कोठे येते, हे जुळेपर्यंत कॅमेरा पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवायचा, ही त्यातली खरी मेहनत, कारण भिंगाने चौकट लहान-मोठी होते, पण वस्तूंची परस्पर मांडणी केवळ उभे राहण्याच्या जागेवर ठरते. सावल्यांसाठी ऋतू आणि वेळही जुळवावी लागते. रस्त्याकाठी हे काम अधिक अवघड होते: रुंदीकरणानंतर मूळ छायाचित्रकाराची जागा भर रहदारीत येते, आणि डांबराच्या थरांवर थर चढल्याने रस्त्याची पातळीही वर सरकते.

जे टिपायचा हेतूच नव्हता, तेही कधी उपयोगी पडते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी दरवर्षी वसंतात होणाऱ्या फ्लँडर्सच्या सायकल शर्यतीचे १९८१ ते २०१६ या काळातील चित्रण तपासले, ते सायकलस्वारांसाठी नव्हे, तर मागे दिसणाऱ्या झाडांसाठी. १९८० च्या दशकात शर्यतीच्या दिवशी जवळजवळ निष्पर्ण असणारी झाडे पुढच्या काळात त्याच सुमारास पालवलेली आढळली आणि याचा संबंध वाढत्या तापमानाशी लागला.

२००७ मध्ये गूगलने स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे नकाशावर रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारी सेवा, सुरू केले आणि २०१४ पासून त्यातील मागील वर्षांची दृश्येही खुली झाली, त्यामुळे तुलना घरबसल्या होऊ लागली. मात्र तो कॅमेरा गाडीच्या टपावर, माणसाच्या नजरेहून उंच आणि रस्त्याच्या मधोमध असतो; पदपथावरून काढलेले जुने छायाचित्र त्याच्याशी ताडून पाहताना कुंपण ठेंगणे झाले की कॅमेरा उंच चढला, हे आधी तपासावे लागते.