परळच्या रक्तपेढीतला न जुळणारा ‘ओ’

‘ओ निगेटिव्ह रक्त कुणालाही चालते’ हे वाक्य रक्तदानाच्या आवाहनांतून इतक्या वेळा कानावर पडते की त्याला अपवाद असेल, अशी शंकाही सहसा येत नाही. अपवाद आहे, आणि तो परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सापडला. रुग्णालयाला जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये त्याची नोंद केली. ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात तो हाच. हा गट फक्त मुंबईकरांत असतो हा मात्र गैरसमज आहे. भारतात साधारण दहा हजारांत एकाला तो असतो, युरोपात मात्र अतिशय दुर्मीळ.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. एफयूटी-1 या जनुकाने घडवलेले विकर (एन्झाइम) अशा साखळीच्या टोकाला फ्यूकोज ही शर्करा जोडते आणि ‘एच’ प्रतिजन (अँटिजेन) तयार होतो. हा एच म्हणजे भिंतीतली खुंटी समजावी. ए जनुकाचे विकर तिच्यावर एक शर्करा अडकवते, बी जनुकाचे दुसरी, आणि ओ गटाच्या माणसात खुंटी रिकामीच राहते. बॉम्बे गटात एफयूटी-1च्या दोन्ही प्रती निकामी असल्यामुळे खुंटीच नसते. मग ए किंवा बी जनुक शाबूत असला तरी त्याच्या विकराला शर्करा जोडायला जागा मिळत नाही. शिवाय ज्या शरीराने एच कधी पाहिलाच नाही, त्याच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) असतात. ती शरीराच्या तापमानालाही सक्रिय असल्याने ओ गटाचे रक्त चढवल्यास त्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात.

नेहमीच्या चाचणीत हे लपून राहते. टाइलवर रुग्णाच्या रक्ताचे दोन थेंब घेऊन एकात ए-विरोधी आणि दुसऱ्यात बी-विरोधी द्रव मिसळला, की गुठळ्या कुठेच दिसत नाहीत आणि केस पेपरवर ‘ओ’ लिहिले जाते. उलटी चाचणी केली, म्हणजे रुग्णाच्या रक्तद्रवात माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशी घातल्या, तर ओ पेशींच्याही गुठळ्या होतात. खऱ्या ओ गटात त्या होत नाहीत. क्रॉस-मॅचमध्ये, म्हणजे रुग्णाचे रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहताना, एकामागून एक ओ पिशव्या न जुळणे हीदेखील तीच खूण. कधी ‘ओ’ समजल्या गेलेल्या आईवडिलांना ए गटाचे मूल होते आणि घरात नको त्या शंका निघतात. वास्तविक एकाकडून लपलेला ए आणि दुसऱ्याकडून चालू स्थितीतला एफयूटी-1 मुलाला मिळालेला असतो.

आता हे परळलाच का सापडले? महापालिकेच्या के. ई. एम., नायर, शीव आणि कूपर या रुग्णालयांच्या बातम्या येतात त्या बहुधा गर्दीच्या आणि जमिनीवर झोपवलेल्या रुग्णांच्या. त्या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु दहा हजारांत एकदा दिसणारी गोष्ट जिथे हजारोंची रीघ असते तिथेच दिसते, आणि दिसली तरी वॉर्डाशेजारी प्रयोगशाळा नसेल तर तो नमुना ‘जुळत नाही’ एवढ्या शेऱ्यावर संपतो. अध्यापन रुग्णालयात रेसिडेंटला तो शेरा वरिष्ठांपुढे समजावून सांगावा लागतो. उपचारांच्या दृष्टीने हा वेळखाऊ प्रकार असला तरी माझ्या मते या रुग्णालयांचे मोल बरेचसे त्यातच आहे. पुढे 1957 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र मुंबईत सुरू झाले आणि आज त्यातून उभी राहिलेली संस्था के. ई. एम.च्याच आवारात आहे, हे या परंपरेला धरूनच झाले.

बॉम्बे गटाच्या रुग्णाला रक्त चालते ते बॉम्बे गटाचेच, आणि नेहमीच्या साठवणीत पिशवी पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही. म्हणून असा रुग्ण सापडला की रक्तपेढी दात्यांची यादी उघडण्याबरोबरच त्याच्या सख्ख्या भावंडांना बोलावून घेते, कारण आईवडील दोघेही निकामी प्रतीचे वाहक असतील तर प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारांत एक असते.