मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग

नवी मुंबईतील कळंबोली ते पुण्याजवळील किवळे यांदरम्यानचा सहापदरी काँक्रीट महामार्ग. लांबी सु. ९४.५ किमी. अधिकृत नाव यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग. प्रवेशनियंत्रित द्रुतगती मार्गांत देशातील पहिला मान सामान्यतः यालाच दिला जातो.

जुन्या महामार्गावरील कोंडी व अपघात वाढल्याने १९९० मध्ये राज्य शासनाने नव्या मार्गाची व्यवहार्यता तपासण्याचे काम ‘राइट्स’ ही केंद्र शासनाची सल्लागार कंपनी व एक ब्रिटिश सल्लागार संस्था यांच्याकडे दिले. १९९७ मध्ये प्रकल्प महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आला. पूर्णतेचे साल कुठे २०००, तर कुठे २००२ असे आढळते. २००० पासून मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत गेला आणि सर्व भाग २००२ मध्ये वापरात आले. त्यामुळे दुसरे साल ग्राह्य धरणे योग्य.

मार्गाचा कस लागतो तो बोरघाटात. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये येथे गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली. खंडाळ्याजवळचा, बामच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन’ म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल १८३० चाच, असे बहुतेक लेखनात म्हटले जाते. काही अभ्यासक मात्र तो रेल्वेच्या जुन्या, नंतर सोडून दिलेल्या मार्गाशी जोडतात. तसे असल्यास १८३० हे साल टिकत नाही, कारण भारतात प्रवासी रेल्वेच १८५३ मध्ये सुरू झाली. घाटरस्त्याचे साल पुलाला चिकटले असावे, असे मानण्यास जागा आहे. पुलाचे खांब वाहतुकीला अडसर ठरत होते. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस असताना, नियंत्रित स्फोटांनी तो पाडण्यात आला. अडसर गेला, पण सह्याद्रीतील दळणवळणाचा एक अस्सल पुरावाही गेला, ही हानी नोंदवायलाच हवी.

मार्गावर भाताण, माडप, आडोशी, खंडाळा व कामशेत येथे बोगदे आहेत. आडोशी ते खंडाळा या सु. ६ किमीच्या पट्ट्यात जुना महामार्ग व द्रुतगती मार्ग एकत्र येतात, आणि कोंडी होते ती मुख्यतः इथेच. मुंबईकडे उतरताना अवजड वाहनांचे ब्रेक तापून निकामी होतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची काही चालकांची सवय तर जिवावरच बेतते. पावसाळ्यात पाणी मुरून बेसाल्टच्या भेगाळ कड्यांतून दगड सुटतात. २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून जीवितहानी झाली, त्यानंतर धोकादायक कड्यांवर पोलादी जाळ्या बसवण्याच्या कामाला वेग आला. २०२३ च्या जुलैत तेथेच पुन्हा दरड आली.

दुचाकी, तीनचाकी व ट्रॅक्टर यांना मार्गावर मनाई आहे. टोलनाके खालापूर व तळेगाव येथे.

घाटातील आडोशी–खंडाळा हा पट्टा टाळण्यासाठी खोपोली–कुसगाव ‘मिसिंग लिंक’चे काम २०१९ मध्ये हाती घेण्यात आले. सु. १३ किमीच्या या जोडमार्गात लोणावळा तलावाखालून जाणारा सु. ९ किमीचा जुळा बोगदा व दरीवरचा केबल-आधारित पूल यांचा समावेश असून, त्यामुळे अंतर सु. ६ किमीने घटते.