छळछावण्यांतील ज्यू धर्माचरण

छळछावण्यांतील ज्यू धर्माचरण : १९३९ ते १९४५ या काळात नाझी जर्मनीच्या घेटोंत (कोंडवस्त्यांत) आणि छावण्यांत ज्यूंनी बहुतेक वेळा लपूनछपून पाळलेले सण, उपवास, प्रार्थना आणि त्यांसाठी जमवलेली साधने. या काळात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. श्रद्धेने प्राण वाचवले असे म्हणता येत नाही. उलट दाढी, पेहराव आणि यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) वळणाची बोली यांमुळे धर्मनिष्ठ ज्यूंना इतर समाजात मिसळून लपणे जास्त अवघड गेले. कित्येकांची श्रद्धा या काळात कायमची मोडली. ज्यांची टिकली, त्यांना तिने काय दिले हे त्यांच्या रोजच्या कृतींतून कळते. तिथी मोजणे, दहा माणसे जमवणे, पावाचा तुकडा राखणे, आणि अन्नपाण्याविना मरत असतानाही धर्मशास्त्राला प्रश्न विचारणे, या त्या कृती होत.

ठिकाणाप्रमाणे फरक

काय पाळता येईल हे ठिकाणावर ठरत असे. वॉर्सा शहरात जानेवारी १९४० मध्ये रोगराईचे निमित्त सांगून सामुदायिक प्रार्थनेवर बंदी आली, तरी घराघरांत प्रार्थना चालू राहिल्या. जर्मनीतील बेर्गेन-बेल्सेन छावणीच्या एका विभागात हॉलंडमधून आणलेले ज्यू होते. परदेशांत अडकलेल्या जर्मनांशी अदलाबदल करण्यासाठी त्यांना ओलीस ठेवले होते, म्हणून त्यांचे कपडे आणि थोडे सामान त्यांच्याजवळ राहिले, आणि त्या सामानातून प्रार्थनापुस्तकेही आत आली. पोलंडमधील ऑश्विट्झ छावणीत आल्याआल्या केसांपासून चष्म्यापर्यंत सगळे काढून घेतले जाई. तिथे उरे ते फक्त पाठांतर. लहानपणी मुखोद्गत केलेली स्तोत्रे एकाने पुटपुटायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, अशी पद्धत पडली.

तिथी मोजणे

सगळ्याचे मूळ पंचांगात होते. तिथीच ठाऊक नसेल तर ना सण, ना उपवास, ना आईवडिलांचे श्राद्धदिन. ज्यू पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर आहे. महिने २९ किंवा ३० दिवसांचे असतात आणि दर १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना येतो. तो नेहमी अदार या महिन्यालाच जोडला जातो. युद्धकाळात १९३९–४० आणि १९४२–४३ ही ज्यू वर्षे अधिक महिन्याची होती.

छावणीत पुस्तकाविना हिशेब ठेवणाऱ्याला एक सोय होती. निसान ते एलुल या सहा महिन्यांची लांबी ठरलेली आहे : ३०, २९, ३०, २९, ३०, २९. त्यामुळे वल्हांडणाचा (निसानमधील, मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाचा) पहिला दिवस कळला की तिथून १६३ व्या दिवशी नववर्ष येते, आणि वल्हांडणाच्या वारात दोन मिळवले की नववर्षाचा वार निघतो. १९४४ मध्ये वल्हांडण शनिवारी, ८ एप्रिलला होते. नववर्ष सोमवारी, १८ सप्टेंबरला आले. पडताळा म्हणजे नववर्ष रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी कधीच येत नाही. हिशेबात असा वार निघाला की कुठेतरी दिवस चुकला हे लगेच कळे.

चूक बहुधा हिवाळ्यात होई. हेश्वान आणि किस्लेव्ह हे दोन महिने वर्षानुसार २९ किंवा ३० दिवसांचे होतात, आणि ते ठरवण्याचे गणित थोड्यांनाच येत असे. त्यासाठी एका अमावास्या-युतीपासून दुसरीपर्यंतचे सरासरी अंतर २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग (एका तासाचे १०८० भाग) धरून पुढे मोजावे लागते. शिवाय तापात बेशुद्ध पडलेला किंवा दिवसेंदिवस बंद मालडब्यात कोंडलेला माणूस मोजणीच हरवून बसे. मग आधार चंद्राचा. वल्हांडण आणि मांडवांचा सण (सुक्कोथ) दोन्ही महिन्याच्या १५ व्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास येतात. पहाटेच्या हजेरीला तासन्‌तास उभे असताना चंद्र दिसला की हिशेब एकदोन दिवसांच्या फरकाने जुळवता येई. हाताने लिहिलेली अशी काही पंचांगे आजही उपलब्ध आहेत. तेरेझिनश्टाट (आजच्या चेकियातील घेटो) इथे आशेर बेर्लिंगर या शिक्षकाने एक पंचांग तयार केले. तिथल्याच एका लपवलेल्या प्रार्थनाखोलीच्या भिंती रंगवण्याचे कामही त्याचेच मानले जाते. ‘एवढे होऊनही आम्ही तुझे नाव विसरलो नाही, तूही आम्हाला विसरू नकोस’ या अर्थाची हिब्रू ओळ तिथे अजून वाचता येते. बेर्लिंगर १९४४ मध्ये ऑश्विट्झला मारला गेला.

शास्त्राची मुभा

ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवण्यासाठी जवळजवळ सगळे नियम बाजूला ठेवता येतात. मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि नरहत्या एवढे तीनच अपवाद. आधार लेवीय १८:५ चा : माणसाने या आज्ञांच्या योगे जगावे. परंपरेने त्याचा अर्थ ‘त्यांपायी मरू नये’ असा लावला. बाहेरून पाहणाऱ्याला कठोर कर्मकांड दिसते, पण ते छावणीत टिकले याचे मोठे श्रेय या मुभेला आहे. निषिद्ध अन्न खाल्ले म्हणून माणूस धर्माबाहेर फेकला जात नव्हता.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बेर्गेन-बेल्सेनमधले आहे. वल्हांडणाचे आठ दिवस खमीर असलेला पाव खाणे निषिद्ध असते, आणि १९४४ च्या वल्हांडणात तर पावाशिवाय पोटात घालायला फारसे काही नव्हते. तिथल्या डच रॅबायांनी (ज्यू धर्मगुरूंनी), त्यांत आरोन डेव्हिड्स आणि सिमोन दास्बर्ग होते, पाव खाण्यापूर्वी म्हणायची एक प्रार्थना रचली. तिचा आशय असा : बेखमीर भाकर खाऊन सण पाळावा हीच आमची इच्छा आहे हे तू जाणतोस, पण गुलामी आम्हाला अडवते आहे, ‘आज्ञांच्या योगे जगावे’ ही तुझी आज्ञा पाळण्यासाठी आम्ही हा पाव खातो आहोत. पाव खाणे हेच अशा रीतीने आज्ञापालन ठरले. दोन्ही रॅबाय १९४५ च्या आरंभी त्याच छावणीत मरण पावले.

लिथुआनियातील कोव्हनो घेटोत रॅबाय एफ्राईम ओश्री यांच्याकडे लोक असे प्रश्न घेऊन येत. जर्मनांनी लुटलेल्या ज्यू ग्रंथांच्या कोठाराची राखण त्यांच्याकडेच होती, म्हणून संदर्भ पाहता येत. ‘मला गुलाम केले नाहीस’ असे देवाचे आभार मानणारे वाक्य रोज सकाळच्या प्रार्थनेत असते. घेटोत ते म्हणावे का, असे एकाने विचारले. ओश्रींनी म्हणायलाच हवे असा निर्णय दिला, कारण देह बंदीत असला तरी देवापुढे माणूस स्वतंत्रच आहे. ऑक्टोबर १९४१ च्या अखेरीस याच घेटोतून सुमारे ९,२०० माणसे एका दिवसात गोळ्या घालून मारली गेली होती, हे लक्षात घेतले की त्या निर्णयाचे वजन कळते. प्रश्नोत्तरे सिमेंटच्या पोत्यांच्या कागदी तुकड्यांवर टिपून त्यांनी डब्यांत पुरली. युद्धानंतर ती उकरून काढली आणि १९५९ पासून ग्रंथरूपाने छापली.

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, सक्तीच्या कामालाही शास्त्रात उत्तर होते. जबरदस्तीने केलेल्या कृतीचे पाप लागत नाही. तरीही काही जण नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने, उदाहरणार्थ डाव्या हाताने, काम करत. तसे केल्याने मनाईची तीव्रता कमी होते असा जुना नियम आहे. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून ‘शनिवार तेली’ म्हणत. तेवढी साधी सुटी इथे अशक्य होती.

साधने आणि अडचणी

तेफिलीन, म्हणजे कपाळावर व दंडावर बांधायच्या चामड्याच्या पेट्या, एका बराकीत एखादीच असे. पहाटे रांग लागे. प्रत्येकाने बांधायची, ‘ऐक, हे इस्राएला’ हे एक वचन म्हणायचे आणि पुढच्याकडे द्यायची. पण तेफिलीन दिवसाच्या उजेडात घालायची असते आणि हिवाळ्यात कामाच्या तुकड्या अंधारातच निघत. म्हणून ती कामाच्या जागी लपवून न्यावी लागे, आणि झडतीत सापडली तर जबर मार किंवा मृत्यू.

मेलेल्यांसाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणायला तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. दहा जण एका कोपऱ्यात जमलेले दिसणेच धोक्याचे, त्यामुळे एक जण दाराशी पहारा देई.

बेखमीर भाकरीसाठी फक्त पीठ आणि पाणी लागते. पण पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते, नाहीतर पीठ आंबले असे धरतात. आधीच ओल लागलेले पीठ चालत नाही. भट्टी भर तापवली तर धूर दिसतो, मंद ठेवली तर वेळ टळतो. म्हणून पोळी अगदी पातळ लाटून टोचे मारत. हनुका या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणातील दिव्यासाठी बटाटा कोरून त्यात मार्गारीन किंवा यंत्राचे तेल घालत आणि घोंगडीच्या दशांची वात करत. आठ रात्रींचे दिवे मदतदिवा (ज्याने बाकीचे पेटवतात तो) सोडून ३६ होतात. एवढी चरबी शिध्यातून वाचवणे शक्यच नसे; तेव्हा एका रात्री एकच दिवा, तोही सगळ्या बराकीचा, यावर भागवत.

नववर्षाला शोफार (शिंगाचे रणशिंग) फुंकायचा तो मेंढ्याच्या शिंगाचा. गाईबैलाचे शिंग चालत नाही. पोलंडमधील स्कार्झिस्को-कामिएन्ना इथल्या दारूगोळा कारखान्याच्या छावणीत १९४३ मध्ये रॅबाय यित्झाक फिंकलर यांच्या सांगण्यावरून मोशे विंटरटर या कैद्याने धातुकामाच्या विभागात चोरून शोफार घडवला. लाच देऊन मागवलेले पहिले शिंग बैलाचे निघाले, ते टाकून पुन्हा मेंढ्याचे आणवावे लागले. तो शोफार आता जेरुसलेमच्या याद वाशेम संग्रहालयात आहे.

मार्च १९४४ मध्ये दास्बर्ग यांनी बेर्गेन-बेल्सेनमध्ये पहाटेच्या अंधारात एका मुलाचा तेराव्या वर्षीचा बार मित्झ्वा विधी केला आणि जपून आणलेली हातभर नव्हे, तळहाताएवढी तोराहची (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची) गुंडाळी त्याला दिली. तो मुलगा वाचला आणि पुढे वैज्ञानिक झाला. हीच गुंडाळी इस्रायली अंतराळवीर इलान रामोन यांनी २००३ मध्ये कोलंबिया यानातून अंतराळात नेली. त्या यानात कल्पना चावलाही होत्या.

प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपवास

हा उपवास सुमारे २५ तासांचा, निर्जळी असतो. ऑश्विट्झचा दिवसाचा शिधा म्हणजे सकाळी कॉफीसारखे कडवट पाणी, दुपारी पातळ सूप आणि संध्याकाळी सुमारे ३०० ग्रॅम पाव. उपवास करायचा तर दुपारचे सूप रात्रीपर्यंत राखावे लागे. ते सांडे, नासे किंवा चोरीला जाई, आणि दिवसभराचे काम तर सुटत नसे. बहुतेक धर्मगुरूंच्या मते अशा अवस्थेत उपवास करणे शास्त्राला धरून नव्हते. तरीही पुष्कळांनी केला. इतर ३६४ दिवस भूक लादलेली होती, ही एक स्वतः निवडलेली होती. शास्त्राची बाजू जेवणाऱ्यांकडे होती हे खरे. पण निवडीचा हा अधिकार कैद्यासाठी किती मोठा होता, हे उपवास करणाऱ्यांना दोष देताना विसरता येत नाही.

श्रद्धेवरील ताण

वॉर्सा घेटोतील रॅबाय कालोनिमुस शापिरा यांचा एकुलता एक मुलगा आणि सून सप्टेंबर १९३९ मध्ये शहरावरील हल्ल्यात गेले. तरी जुलै १९४२ पर्यंत ते प्रवचने देत आणि लिहून ठेवत राहिले. आरंभी ते या दुःखाला पूर्वजांच्या दुःखांच्या मालिकेत बसवत. १९४२ च्या अखेरीस मात्र त्यांनी जुन्या प्रवचनाला टीप जोडली, की असा छळ पूर्वी कधी झालाच नव्हता. श्रद्धा न सोडता आपलेच स्पष्टीकरण अपुरे पडल्याची ही नोंद या विषयातील सर्वांत प्रामाणिक कागदांपैकी एक आहे. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांची हत्या झाली. घेटोच्या गुप्त दफ्तरासोबत पुरलेली हस्तलिखिते डिसेंबर १९५० मध्ये दुधाच्या कॅनमध्ये सापडली.

युद्धानंतर

सुटका झालेल्यांच्या निर्वासित छावण्यांत धर्मग्रंथांचा तुटवडा होता. वाचलेल्या रॅबायांच्या मागणीवरून अमेरिकी लष्कराच्या साहाय्याने जर्मनीतच, हायडेलबर्ग इथे, १९४८ पासून संपूर्ण ताल्मुद (ज्यू धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ) १९ खंडांत छापण्यात आला.