सकाळची लोकल आणि माशाचं पोट

प्रवाळखडकावरच्या माशाला जेवणाची ठरलेली वेळ नसते. पाण्याबरोबर प्लवक वाहत येतात आणि डॅमसेल, अँथिअस हे छोटे मासे त्यातला एकेक बारीक जीव टिपत राहतात. सर्जनफिश, म्हणजे हौशी लोकांच्या तोंडी असलेला ‘टँग’, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत खडकावरचं शेवाळ खरवडतो. त्याला घरी पाळणारा माणूस मात्र सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडतो आणि रात्री साडेआठला घरात पाय टाकतो. दिवसभर मासे उपाशी राहिले या अपराधी भावनेने मग डबीतून मोठी चिमूट पाण्यात पडते. काम मिनिटात उरकतं. पण खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी याहून वाईट सवय नाही, आणि ती मोडायला फार वेळही लागत नाही. घाई चालते ती तयारीत. पाण्यात खाद्य टाकताना माशाच्या पोटाचंच ऐकावं लागतं.

ही पोटं सगळ्यांची सारखी नसतात. ग्रूपर, लायनफिश यांच्यासारख्या शिकारी माशांना ताणलं जाणारं मोठं जठर असतं. एक मोठा घास गिळला की त्याचं पचन सावकाश चालतं. पूर्ण वाढलेल्या लायनफिशला आठवड्यातून दोन-तीनदा खायला मिळालं तरी पुरतं. रॅस (wrasse) आणि पॅरटफिश या माशांना जठरच नसतं. घास घशातून थेट आतड्यात उतरतो. जठर हा बरोबर नेलेला डबा मानला, तर हे मासे डब्याविना घराबाहेर पडलेले असतात आणि वाटेत मिळेल ते थोडं थोडं खात राहतात. त्यांना एकदाच भरपूर दिलं तर बरंचसं अर्धवट पचून बाहेर पडतं. समुद्रघोड्यालाही जठर नसतं. पण भारतात समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कुणी ते विकायला काढले तरी घ्यायचे नाहीत.

टँगचं पोट मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. त्याचं आतडं लांबलचक असतं आणि वनस्पतिजन्य अन्न पचवायला त्यात सूक्ष्मजीवांची वस्ती असते. तांबड्या समुद्रातल्या एका सर्जनफिशच्या आतड्यात 1985 साली एक अवाढव्य एकपेशीय जीव सापडला. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त भरत होती, म्हणजे तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. एवढा मोठा जीव जिवाणू असेल यावर आधी कुणाचा विश्वास बसला नाही. तो जिवाणूच आहे हे 1993 मध्ये जनुकीय पुराव्याने सिद्ध झालं आणि एपुलोपिशियम हे त्याचं नाव जगभर पोचलं. अशी वस्ती पोटात घेऊन फिरणाऱ्या माशाला रात्री एकदा कोलंबीचा चुरा देऊन भागवणं बरं नव्हे. सकाळी बूट घालण्याआधी नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा तुकडा चिमट्याने काचेला लावला तर तो चार-पाच तास त्यावर चरत राहतो. नोरी बिनमिठाची, बिनतेलाची आणि बिनमसाल्याची हवी.

म्हणून नोकरदाराचा सगळ्यांत जास्त वेळ वाचतो तो मासे निवडताना. कुर्ल्याच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानांत रंग बघून हात पुढे जातो. त्याआधी दुकानदाराला विचारावं: हा सध्या काय खातोय, दिवसातून किती वेळा, आणि माझ्यासमोर खाऊन दाखवेल का? क्लाउनफिश सर्वभक्षी आहे, दाणेदार खाद्य सहज स्वीकारतो आणि दिवसातून दोन वेळा खाऊन उत्तम राहतो. अँथिअसच्या थव्याला चार-पाच वेळा थोडं थोडं लागतं. मँडरिन हा देखणा मासा दिवसभर खडकातले कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, वेचतो; नव्या, छोट्या टँकमध्ये तो डोळ्यांदेखत खंगत जातो. बारा तास घराबाहेर असणाऱ्याने मँडरिन घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

आता त्या मोठ्या चिमटीचा हिशेब. समजा तिच्यात एक ग्रॅम कोरडं खाद्य आहे आणि त्यात 45 टक्के प्रथिनं आहेत. प्रथिनांत साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे 72 मिलिग्रॅम. मासे हा नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून बाहेर टाकतात आणि न खाल्लेलं खाद्य कुजूनही शेवटी अमोनियाच तयार होतो. सगळाच्या सगळा 200 लिटर पाण्यात उतरला तर लिटरमागे 0.36 मिलिग्रॅम होतो. आकडा किरकोळ दिसतो. पण समुद्राच्या पाण्याचा सामू (pH) 8.2 च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात अमोनियाचा सहा-सात टक्के भाग विद्युतभाररहित, विषारी रूपात राहतो. सात सामूच्या गोड्या पाण्यात हाच भाग अर्ध्या टक्क्याच्या जवळपास असतो. म्हणजे गोल्डफिशच्या टाकीत जी चूक खपून जाते ती इथे दहापटीने महाग पडते. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर आणि फिल्टरमध्ये काम करत असतात, म्हणूनच टँक टिकतो. पण ते रोजच्या भाराला सरावलेले असतात. अचानक तिप्पट भार आला तर त्यांची संख्या एका रात्रीत वाढत नाही.

आणि दहा ग्रॅम वजनाच्या क्लाउनफिशला दिवसाला कोरडं खाद्य लागतं किती? वजनाच्या एक-दोन टक्के, म्हणजे 0.1 ते 0.2 ग्रॅम. मासा शरीर गरम ठेवण्यावर ऊर्जा खर्च करत नाही आणि पाणी त्याचं वजन पेलून धरतं. तेवढ्याच वजनाच्या उंदराच्या तुलनेत त्याची भूक फार थोडी असते. तो काचेशी येऊन तोंड उघडझाप करतो ते दरवेळी भुकेने नव्हे. मासे वेळ आणि माणूस दोन्ही ओळखायला शिकतात.

खाद्य रात्री उशिरा टाकण्यात आणखी एक धोका आहे, तो प्राणवायूचा. जेवल्यानंतर पचनासाठी माशाचं श्वसन काही तास वाढलेलं राहतं. दिवा बंद झाला की शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण थांबतं आणि पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू घटत जातो. त्यात खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो: 25 अंश सेल्सियसला लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, 30 अंशांना सव्वासहाच्या खाली. तापमान दहा अंशांनी चढलं तर माशाची प्राणवायूची गरज मात्र साधारण दुप्पट होते. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला तर त्या दिवशी खाद्य कमी करावं किंवा चक्क देऊ नये. मासे जास्त भुकेले दिसतील, तरीही.

यावर सोपा उपाय दिव्याच्या टायमरमध्ये आहे. टँकचा दिवस आपल्या दिवसाबरोबर सुरू व्हायलाच हवा असं नाही. मुख्य दिवा दुपारी बाराला लागून रात्री साडेदहाला बंद होऊ द्या. रात्री साडेआठला घरी येणाऱ्याला मासे जागे आणि उजेडात भेटतात, आणि खाल्लेलं पचायला दीड-दोन तासांचा उजेड शिल्लक राहतो. दुपारचे एक-दोन छोटे घास स्वयंचलित फीडर देतो. मुंबईत त्याचा शत्रू दमट हवा. टँकवरच्या बाष्पाने फ्लेक्सचा, म्हणजे पापुद्र्यांसारख्या खाद्याचा, लगदा होतो आणि फीडरचं तोंड बुजतं, म्हणून त्यात एक मिलिमीटरचे पेलेट घालावेत, तेही एका आठवड्यापुरतेच. फीडर उघड्या पाण्यापासून शक्य तितका वर आणि बाजूला बसवावा. पावसाळ्यात खाद्याचे डबे फ्रिजमध्ये, झाकण घट्ट लावून ठेवावेत. उघड्या डब्यात जीवनसत्त्व क घटत जातं, तेलं खवट होतात, आणि बुरशी आली तर ती नेहमी डोळ्यांना दिसतेच असं नाही. खूप मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून आणू नये.

रात्रीचा घास मात्र स्वतःच्या हाताने द्यावा आणि तो फ्रोझन असावा. त्याची तयारी रविवारी. बाजारातून थोडी कोलंबी, माकूल आणि चार तिसऱ्या आणाव्यात. ताजा, स्वच्छ धुतलेला जवळा मिळाला तर फारच छान. तिसऱ्या आणि तारलीच्या गटातले कित्येक मासे यांच्यात थायमिनेज नावाचं विकर असतं. ते जीवनसत्त्व ब1 नष्ट करतं आणि बर्फात गोठवल्याने निकामी होत नाही, उष्णतेने होतं. म्हणून तिसऱ्यांना दोन मिनिटं वाफ द्यावी. सगळं नोरीच्या चुऱ्याबरोबर बारीक करावं, पण पेस्ट करू नये. कण दिसले पाहिजेत.

हे बांधायला जिलेटिनऐवजी चायना ग्रास घ्यावं. जिलेटिन तिशीच्या वर-खाली विरघळू लागतं, म्हणजे मुंबईतल्या उन्हाळ्यात त्याचा भरवसा नाही. चायना ग्रास म्हणजे लाल शेवाळापासून काढलेलं अगर. ते उकळत्या पाण्यात विरघळतं, चाळिशीच्या खाली उतरताना घट्ट होतं आणि नंतर ऐंशीच्या पुढे तापवल्याशिवाय वितळत नाही. टँकमध्ये घास विस्कटत नाही, पाणी गढूळ होत नाही. द्रावण बोटाला सोसेल इतकं निवल्यावरच त्यात मिश्रण घालावं, म्हणजे जीवनसत्त्वं टिकतात. मग झिपच्या पिशवीत पाव सेंटिमीटर जाडीचा थर पसरून, सुरीच्या पाठीने चौकोन आखून फ्रीजरमध्ये ठेवावं. रोज एक चौकोन मोडायचा, वाटीभर टँकच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा. तेवढ्यात हातपाय धुऊन होतात.

आर्टेमियाबद्दल थोडं सांगायलाच हवं. हा मिठागरांतला बारीक जीव, कोलंबीचा दूरचा नातलग. गेल्या शतकात वडाळ्याच्या मिठागरांतूनही त्याची नोंद झाली आहे. त्याची कोरडी अंडी वर्षानुवर्षं सुप्त राहतात आणि खाऱ्या, हवा खेळत्या पाण्यात साधारण 24 तासांत फुटतात. नवजात पिल्लं मासे हावरटासारखी खातात, पण समुद्री माशांना लागणारं डीएचए हे मेदाम्ल त्यांच्यात फारच थोडं असतं. त्यामुळे नुसत्या आर्टेमियावर मासे ठेवू नयेत. फ्रोझन मायसिस, म्हणजे कोलंबीसारखे दिसणारे बारीक समुद्री जीव, त्याहून सरस.

घास टाकण्याआधी रिटर्न पंप, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीतून (sump) पाणी परत वर चढवणारा पंप, बंद करावा, नाहीतर अर्धं खाद्य त्या खालच्या टाकीत वाहून जातं. पंप आपोआप दहा मिनिटांत सुरू होईल अशी सोय हवी. थकलेल्या माणसाच्या आठवणीवर ते सोडू नये. पाणी खेळतं ठेवणारा वेव्हमेकर मंद चालू राहू द्या, म्हणजे भित्र्या माशापर्यंतही कण पोचतात. थोडं टाका, संपू द्या, पुन्हा थोडं. या दोन मिनिटांत फोन बाजूला ठेवा. आज कोण पुढे आलं नाही, कुणाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात, कुणाचे कल्ले भराभर हलताहेत, कुणाचं पोट आत गेलंय, हे दुसऱ्या कुठल्याही वेळी इतकं स्पष्ट दिसत नाही. खाणं सोडणं हे बहुतेक आजारांचं पहिलं लक्षण असतं आणि फीडर ते सांगू शकत नाही.

गणपतीला गावी जाताना लोक सगळ्यांत जास्त घाबरतात. धडधाकट, पूर्ण वाढलेले क्लाउन आणि डॅमसेल दोन-तीन दिवस काहीही न खाता सहज राहतात. पिल्लांना आणि अँथिअसना हे लागू नाही. जास्त दिवस जायचं असेल तर फीडर निघण्याच्या आठवडाभर आधीच लावून तपासावा. शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायची असेल तर खाद्याचा डबा देऊ नये. औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी मिळते, तिच्यात रोजचा वाटा मोजून भरावा आणि डबा कपाटात बंद करावा. काकूंना कागदावर तीनच गोष्टी लिहून द्याव्यात: एका दिवशी एकच कप्पा, राहून गेला तर दुसऱ्या दिवशी दोन टाकायचे नाहीत, आणि वीज जाऊन आली की पंपाचा आवाज येतोय का, ते आधी बघायचं.