कारागीर संघाचे पदाधिकारी बदलले? बदल अर्ज असा भरा

निवडणूक झाली, हार घातले, पेढे वाटले, ग्रुपवर फोटोही पडला. सोमवारी नवे अध्यक्ष आणि खजिनदार सही बदलायला बँकेत जातात, तेव्हा काउंटरवरून प्रश्न येतो, "शेड्युल वनच्या उताऱ्यावर नावं चढली का?" नसतात, कारण धर्मादाय कार्यालयातल्या न्यास (ट्रस्ट) नोंदवहीच्या या उताऱ्यावर नवी नावं चढतात ती तिथे बदल अर्ज देऊन तो स्वीकारला गेल्यावरच. मग जुन्या खजिनदारांच्या मागे चेकबुक घेऊन फिरावं लागतं. ते चिडून पायउतार झाले असतील तर विचारायलाच नको.

सुवर्णकार, शिंपी, कासार, नाभिक, कुठल्याही पारंपरिक धंद्याचा संघ बिनपगारी माणसंच चालवतात. दिवसभर दुकान सांभाळून रात्री दप्तर उघडणाऱ्या अशा सचिवांसाठी ही माहिती आहे.

आधी आपला संघ कुठल्या कायद्याखाली नोंदलाय ते पाहा. सहकारी संस्था किंवा कामगार संघटना म्हणून नोंदणी असेल तर वाट वेगळी. दप्तरात संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र आणि 'एफ' अक्षराने सुरू होणारा न्यास क्रमांक असे दोन कागद असतील, तर संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्हीकडे नोंदलेला आहे. पुढचं सगळं अशा संघांसाठी.

उमेदवार कोण, मतदार कोण

पात्रता मुख्यतः तुमच्या संघाच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, लिहिलेली असते: सभासदत्व किती वर्षांचं हवं, धंदा चालू असायला हवा का, कार्यकाळ तीन वर्षांचा की पाचचा. घटनेची मंजूर प्रत शोधा. कपाटातली टाइप केलेली झेरॉक्स बऱ्याचदा दुरुस्तीच्या आधीची निघते.

एक गोष्ट मात्र कायद्यातच आहे. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, आणि त्याला सभासद म्हणून मोजताही येत नाही. आपल्याकडे वर्गणी आठवण आली की, नाहीतर निवडणुकीच्या आदल्या दिवशी भरली जाते. हरलेल्या गटाचा पहिला आक्षेप इथूनच येतो. म्हणून मतदार यादी पावती पुस्तकाशी ताडून, तारीख घालून, सभेच्या सूचनेआधीच तयार ठेवा.

खरा अर्ज सूचनेपासून सुरू होतो

बदल अर्ज निवडणुकीनंतरचं काम आहे अशी समजूत असते. प्रत्यक्षात तो सभेच्या सूचनेवरच तरतो किंवा बुडतो. आमच्या संघाच्या घटनेत पंधरा पूर्ण दिवसांची सूचना होती, म्हणजे सूचनेचा आणि सभेचा दिवस सोडून. मी सूचनेचा आणि सभेचा, दोन्ही दिवस धरून पंधरा मोजले. पूर्ण दिवस भरले तेरा. तेवढ्यावर हरकत आली आणि सभा पुन्हा घ्यावी लागली.

सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून भागत नाही, घटनेत तशी सोय असेल तर गोष्ट वेगळी. मी अजून वही घेऊन दुकानोदुकानी जातो. एक म्हातारे कारागीर फुंकणी बाजूला ठेवतात, टाकणखाराचे (डाग देताना वापरायच्या पांढऱ्या पुडीचे) हात धोतराला पुसतात आणि मग नावापुढे सही करतात. त्या पानावर बोटांचे पांढरे ठसे आहेत. सूचना मिळाल्याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

कागद

अर्ज शेड्युल थ्रीच्या नमुन्यात असतो. सोबत शेड्युल वनचा ताजा उतारा, घटनेची प्रत, सूचना आणि ती मिळाल्याच्या सह्या, हजेरीपट, निवडीचा ठराव आणि सभेचं इतिवृत्त. प्रत्येक नव्या पदाधिकाऱ्याचं संमतीपत्र आणि ओळख-पत्त्याचा पुरावा. कुणी राजीनामा दिला असेल तर राजीनामा आणि तो मंजूर केल्याचा ठराव. कुणी वारलं असेल तर मृत्यू दाखला. अर्ज देणाऱ्या विश्वस्ताचं, म्हणजे संघाच्या पदाधिकाऱ्याचं, शपथपत्र लागतं. हा माणूस बहुधा सचिवच असतो आणि पुढे चौकशी लागली तर तारखांनाही त्यालाच जावं लागतं, तेव्हा गावात राहणारा निवडा. मागच्या निवडीचा बदल अर्ज अजून प्रलंबित असेल तर त्याचा क्रमांक नव्या अर्जात जरूर लिहा.

मुदत नव्वद दिवसांची

१९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत कळवायचं असतं. दिवस मोजायचे ते निवडीच्या सभेपासून; पदग्रहण समारंभ पाहुण्यांच्या सोयीने महिनाभर लांबला, तरी घड्याळ थांबत नाही. उशीर झालाच तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर सबळ कारण दाखवून, खर्चाची रक्कम भरून विलंब माफ करून घेता येतो. "सीझन होता" हे मला तरी सबळ कारण वाटत नाही.

याशिवाय १८६० च्या कायद्याप्रमाणे नियामक मंडळाची (कार्यकारिणीची) यादी दरवर्षी वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत संस्था निबंधकांकडे द्यायची असते. तो विभाग धर्मादाय कार्यालयातच असल्याने हे काम बदल अर्जातच उरकलं असं लोक धरतात. तसं नाही.

अर्ज दिल्यावर

अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर भरायचा आणि कागदांचा संच जिल्ह्याच्या न्यास नोंदणी कार्यालयात द्यायचा. उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त तो पाहतात. पदाधिकाऱ्यांचा बदल पंधरा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता स्वीकारण्याची आणि तीस दिवसांत हरकती मागवण्याची तरतूद आहे. हरकत आली नाही तर तोच आदेश कायम होतो. आली तर कोर्टासारखी चौकशी होते: जबाब, उलटतपासणी, तारखा. निकाल विरुद्ध गेला तर साठ दिवसांत १९५० च्याच कायद्याच्या कलम ७० खाली धर्मादाय आयुक्तांकडे अपील करता येतं.

आदेश झाला की लगेच नक्कल अर्ज टाकून नव्या उताऱ्याच्या चार प्रमाणित प्रती काढा. एक बँकेला, एक संघाच्या लेखापरीक्षकाला, एक दप्तरात. चौथी तुमच्या दुकानातल्या कपाटात असू द्या, कारण पहिल्या तीन प्रतींपैकी एक हरवतेच.