भात्यावर उडालेली खोली

म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत फिरत्या पाळण्याशेजारी एक बंद खोके पाहिले होते. आत खुर्च्या, समोर पडदा. आतून पोरांच्या किंकाळ्या येत होत्या आणि बाहेरून पाहावे तर खोके जेमतेम वीतभर हलत होते. थीम पार्कमधल्या मोशन सिम्युलेटरचे, म्हणजे बसल्या जागी प्रवासाचा भास देणाऱ्या यंत्राचे, हे धाकटे भावंड. या यंत्राचा जन्म वाद्यांच्या कारखान्यातला. भजनाची पेटी ओळखीची असलेल्या गोव्यात तर ही गोष्ट सांगायलाच हवी.

एडविन लिंक अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनचा. वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना. विमान चालवण्याचा नाद जबर, पण शिकवणी महाग. १९२९ साली त्याने ऑर्गनचे तंत्र वापरून भात्यांवर छोट्या विमानाचा सांगाडा बसवला. आतला दांडा हलवला की भात्यांतली हवा कमीजास्त होई आणि सांगाडा त्या बाजूला कले. पेटीवर बसणाऱ्याला भात्याची ही ताकद वेगळी सांगायला नको.

सुरुवातीला हे यंत्र घेतले ते करमणुकीच्या बागांनी. १९३४ साली अमेरिकी सैन्यावर विमानाने टपाल नेण्याचे काम आले, खराब हवेत वैमानिक मेले, तेव्हा कुठे सैन्याने ६ यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात ५ लाखांवर वैमानिक याच निळ्या खोक्यांत शिकले.

पुढे भात्यांच्या जागी लांब-आखूड होणारे सहा पाय आले. ही रचना एरिक गॉफ यांनी डनलॉपमध्ये टायर तपासण्यासाठी केली होती. १९६५ साली स्ट्यूअर्ट यांनी उड्डाणाच्या सिम्युलेटरवर निबंध लिहिला आणि यंत्राला नाव त्यांचे चिकटले: 'स्ट्यूअर्ट प्लॅटफॉर्म'. गॉफ यांच्यावर हा अन्यायच झाला, असे मला वाटते. १९८७ साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 'स्टार टूर्स' सुरू झाले, तेही वैमानिकांसाठीच्या यंत्रावर. एका खोलीत ४० माणसे. बागेतून सैन्यात गेलेले यंत्र असे पुन्हा बागेत आले.

खरी करामत कानात आहे. खोली हळूच मागे कलते, इतकी सावकाश की आतल्या कानाला पत्ता लागत नाही. वजन पाठीवर येते, त्याच वेळी पडद्यावर रस्ता भरधाव मागे पळतो. मेंदू दोन्हींचा मेळ घालतो आणि म्हणतो, सुटलो! मेळ चुकला की मळमळते. अशा वेळी घट्ट डोळे मिटावेत. मग फक्त पाठ बोलते आणि कळते, आपण नुसते आरामखुर्चीत रेललो आहोत.