नॅनोतारांची वाढ आणि स्फटिकदोष

अर्धसंवाहक नॅनोतारा म्हणजे काही दहा नॅनोमीटर जाडीचे, पण त्या मानाने खूप लांब असे स्फटिक. त्यांच्या अणुरचनेतील दोष हे निव्वळ व्यंग नसते. तार कोणत्या दिशेने व कशी वाढेल, हे अनेकदा दोषच ठरवतो.

गुळगुळीत स्फटिकपृष्ठावर नवा थर सुरू होणे अवघड असते, कारण येणाऱ्या अणूला टेकायला पायरीची कड लागते. भौतिकशास्त्रज्ञ एफ. सी. फ्रँक यांनी 1949 मध्ये यावर मार्ग सुचवला. मळसूत्री स्थानभ्रंश (स्क्रू डिस्लोकेशन), म्हणजे एका रेषेभोवती अणूंचे थर मळसूत्रासारखे सरकलेले असण्याचा दोष, पृष्ठावर जिथे उघडा पडतो, तिथे गोल जिन्यासारखी कधीच न संपणारी पायरी तयार होते. केसासारखे बारीक स्फटिक याच कारणाने वाढतात, असे पुढे मानले जाऊ लागले. मात्र वॅग्नर आणि एलिस या संशोधकांना 1964 मध्ये सिलिकॉनच्या तारांत असा स्थानभ्रंश सापडला नाही. तिथे वाढ टोकावरच्या सोने-सिलिकॉनच्या द्रव थेंबामुळे होत होती. बाष्पातले अणू थेंबात विरघळून त्याखाली घन थर बनवण्याच्या या बाष्प-द्रव-घन पद्धतीपुढे फ्रँक यांची कल्पना नॅनोतारांच्या बाबतीत बराच काळ मागे पडली.

2008 मध्ये ती पुन्हा पुढे आली. लेड सल्फाइडच्या नॅनोतारा सूचिपर्णी झाडासारख्या वाढलेल्या दिसल्या आणि त्यांच्या फांद्या खोडाभोवती पीळ घेत वर चढत होत्या. हा पीळ भौतिकशास्त्रज्ञ एशेल्बी यांनी 1953 मध्येच गणिताने वर्तवला होता. अक्षावर मळसूत्री स्थानभ्रंश असलेली बारीक कांडी पिळवटते आणि तिच्या छेदाचे क्षेत्रफळ जितके कमी, तितका पीळ जास्त. म्हणून जाड स्फटिकात न जाणवणारा हा परिणाम नॅनोतारेत डोळ्यांत भरतो.

दुसरा दोष थरांच्या क्रमातला. गॅलियम आर्सेनाइडच्या मोठ्या स्फटिकात थर कखग-कखग असे बसतात (प्रत्येक अक्षर म्हणजे थर बसण्याची एक जागा), तर त्याच्याच नॅनोतारांत कख-कख हा क्रमही सहज आढळतो. नवा थर बहुधा थेंब, बाष्प आणि घन यांच्या सामाईक कडेवर जन्मतो व तिथेच त्याचा क्रम ठरतो, असे स्पष्टीकरण 2007 मध्ये मांडले गेले. एखादाच थर चुकीच्या जागी बसला, तरी पुढचा सगळा भाग आरशातल्या प्रतिमेसारखा उलटू शकतो. यालाच यमलन म्हणतात. असे दोष वेडेवाकडे विखुरले की इलेक्ट्रॉन आपल्या वाटेवरून इतस्ततः फेकले जातात आणि प्रकाश-उत्सर्जनही बदलते. पण हा दोष मुद्दाम घडवताही येतो. इंडियम फॉस्फाइडमध्ये जस्त मिसळून ठरावीक अंतरावर यमल-प्रतले (जिथून रचना उलटते ती प्रतले) असलेल्या तारा 2008 मध्ये बनवल्या गेल्या. 2016 मध्ये तर गॅलियम आर्सेनाइडची तार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वाढताना पाहता आली. थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाची कड तारेच्या टोकाशी करते तो कोन) बदलताच थरांचा क्रम पालटत होता.